दगडाखालच्या चिठ्ठ्या

दहावीला मी इंग्रजीत नापास झाले, हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. उलट पुढे जन्मभर ज्या ज्या वर्गाला इंग्रजी शिकवलं, त्या प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी हे सांगून टाकायची. पोरं आधी दचकायची, मग सैल होऊन बसायची. बाईच इंग्रजीत गेल्या होत्या म्हटल्यावर आपलं काय मोठंसं, असं त्यांना वाटत असणार. पण नापास कशामुळे झाले आणि त्यातून सुटले कशी, हे मात्र मी कुणाला नीट सांगितलं नाही. कारण त्यात अप्पा येतात, आणि वडिलांबद्दल चार लोकांसमोर बोलायला लागले की माझा आवाज फुटतो. बाईंचा आवाज फुटलेला वर्गाला चालत नाही. आता वर्ग नाही, अप्पाही नाहीत, तेव्हा लिहून टाकते.

आमचं गाव औरादकडचं. जिल्हा बिदर, राज्य कर्नाटक, घरात मराठी आणि बाजार उदगीरचा. सरकार बेंगळुरातून बोलायचं आणि आम्ही उदगीरकडं तोंड करून ऐकायचो. लुगडं उदगीरचं, बियाणं उदगीरचं, चष्म्याचा नंबर उदगीरचा, सोयरीकही बहुतेक तिकडचीच. अप्पा आणि माय दोघंही रस्त्याच्या ग्यांगवर होते. अप्पा डांबर पसरायचे, माय खडी फोडायची. अप्पा घरी आले की त्यांच्या आधी त्यांचा वास यायचा, डांबराचा आणि धुराचा. ते दारातल्या दगडावर बसून घासलेटाच्या बोळ्याने हात पुसत राहायचे. माय चुलीपुढं बसली की भाकरी थापल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. अंबाडीची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. एवढं पानात पडलं की अप्पा म्हणायचे, "आता सांग, आज काय शिकलीस?" त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण हा प्रश्न त्यांनी एक दिवस चुकवला नाही. आणि मी जे सांगेन ते ते दुसऱ्या दिवशी ग्यांगवर सगळ्यांना ऐकवायचे. भूगोल, शरीरशास्त्र, सगळं. मुकादम वैतागून म्हणायचा, "तुझी पोरगी शिकायलीय का आम्ही?"

आमच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांची जागा दोन वर्षं रिकामी होती. मधूनमधून एक कानडी सर यायचे, फळ्यावर लिहून द्यायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि त्यांना मराठी येत नसल्यामुळे दोन्ही पक्ष समाधानाने घरी जायचे. सरकारी पुस्तक चार जणींत एक. तेव्हा अप्पांनी एक दिवस खाडा केला, उदगीरला गेले आणि माझ्यासाठी दहावीच्या इंग्रजीचं जाडजूड गाईड घेऊन आले. टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, लहान लेकरू आणतात तसं. दुकानदाराला त्यांनी म्हणे तीन-तीनदा विचारलं होतं, "धाव्वीचंच हाय न्हवं?" मी त्याला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर घातलं आणि पाठ करायला लागले. पाठांतर माझं दांडगं. प्रश्न, उत्तरं, पत्रं, निबंध, व्याकरणाच्या स्वाध्यायातली वाक्यं, पान नंबरासकट पाठ. वर्गात गाईड माझ्या एकटीकडंच, त्यामुळे माझा तोराही बघण्यासारखा होता. तरी मी उदार मनाने सात जणींना ते उतरवू दिलं. मग सरकारी पुस्तक आमच्यात कुणी उघडलंच नाही.

परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली आणि त्यात ओळखीचं कुणीच दिसेना. भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं झालं. मी पाठ केलेला एकही धडा त्यात नव्हता. खाली व्याकरणात एक लांबलचक वाक्य देऊन त्याचे क्लॉज वेगळे करा, कोणता कसला ते लिहा, असा मोठा प्रश्न होता. फ्रेज आणि क्लॉज हे शब्द मला ठाऊक होते, पण बेंगळूर ठाऊक असावं तसे. नाव माहीत, कधी गेले नाही. मला वाटलं, भीतीने माझं सगळं पाठांतर पुसलं गेलं. मी तीन तास बसून तेवढा आठवत असलेला एक निबंध लिहिला, जो कुणी मागितलाच नव्हता.

निकाल लागला तेव्हा मी आणि त्या सातही जणी इंग्रजीत गेलेल्या. बाकी विषयांत मला चांगले गुण होते. अप्पांनी त्याआधीच सगळ्या ग्यांगला सांगून ठेवलं होतं की पोरगी गुलबर्ग्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाणार. निकालाच्या संध्याकाळी त्यांनी मला 'आज काय शिकलीस' असं विचारलं नाही. माय मात्र तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "जाऊ दे की. इंग्रजी काय भाकरीसंगं खायाची हाय?" आणि मग हलक्या आवाजात अप्पांना म्हणाली, "मुकादम म्हणायलाय, खडी फोडणाऱ्या रुक्मिणीची जागा रिकामी व्हायलीय. हिचं नाव लावावं म्हणं." मायला मी नको होते असं नाही. उघड्यावर एकटीने खडी फोडत बसण्यापेक्षा लेक शेजारी असलेली तिला हवी होती, एवढंच. पण मी तिच्या हातांकडं पाहिलं. तिच्या अंगठ्याची नखं दोन्ही हातांना नव्हती, मला आठवतंय तेव्हापासून नव्हती. मला खडी फोडायची नव्हती. हे मी तेव्हा बोलले नाही, आज स्पष्ट लिहिते.

फेरपरीक्षेला दोन महिने होते. माझी आत्या बिदरात मैलूरला राहायची. ती निकाल कळल्यावर आली आणि अप्पांना म्हणाली, "दादा, पोरीला दोन महिने माझ्याकडं धाड. आमचं माणूस दिवसभर इंग्रजीच बडवत असतंय." आणि मला घेऊनच गेली. आत्याचे यजमान, म्हणजे मामा, तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसायचे. टेबलावर टाइपरायटर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे अर्ज इंग्रजीत लिहून देणं हा त्यांचा धंदा. आत्या तोंडाळ आणि मामा मुके, असा तो संसार होता. आत्या नळावर शेजारच्या अक्कांशी कानडीत भांडायची, दळणवाल्याशी दखनीत घासाघीस करायची आणि घरात आली की भांड्यांशी मराठीत बोलायची. मामा या तिन्ही भाषांत गप्प असायचे. सकाळी मुरमुऱ्यांचा सुसला आणि चहा, मग मामा सायकलवर. डोक्यावरून हवाई दलाच्या तळावरची सरावाची विमानं जायची. नवीन असताना मी प्रत्येक विमानाला मान वर करायची. आत्या म्हणायची, "खाली बघ. मान मोडली तर परीक्षा कोण देणार?"

पहिल्याच संध्याकाळी मामांनी माझं गाईड मागितलं. पाठ दाखवायची हौस होती, मी ते मोठ्या ऐटीत दिलं. मामांनी पहिलं पान उघडलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं, दोन-चार धड्यांची नावं पाहिली आणि विचारलं, "हे कुणी आणलं?"

"अप्पांनी. उदगीरहून."

"हे पलीकडचं हाय, पोरी. महाराष्ट्राच्या दहावीचं. आपल्या बोर्डाचे धडे येगळे."

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि आधी आला तो आनंद. माझं पाठांतर पुसलं गेलं नव्हतं, डोकं शाबूत होतं. दोन श्वास ते सुख टिकलं. मग मला टॉवेलात गुंडाळलेलं ते पुस्तक आठवलं, दुकानदाराला तीन-तीनदा विचारणारे अप्पा आठवले. अख्ख्या बाजारातून माणसाने सगळं नीट आणलं, आणि एकच वस्तू अशी निघाली जी हद्दीच्या अलीकडे चालत नव्हती. मी मामांचा हात धरला. "मामा, अप्पांना सांगू नका. कधीच सांगू नका."

"म्या कामून सांगू? सांगायचं ते तू सांगशील," असं म्हणून मामांनी गाईड मिटलं.

मग त्यांनी मला सरळ सांगितलं की शिकवायला त्यांना येत नाही, लिहायला येतं. हवं तर येऊन बसावं. कुणाच्या तरी पास झालेल्या मुलीचं आपल्या बोर्डाचं जुनं पुस्तक त्यांनी मिळवून दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी लिंबाखाली बसायला लागले. मामांची कामाची रीत अशी होती. माणूस स्टुलावर बसला की मामा त्याला पोटभर बोलू द्यायचे. तो बोलेल त्यातली एकेक बाब ते जुन्या रद्दी कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून तिच्यावर वजन ठेवायचे. काहींवर मोठा तांबडा दगड, काहींवर लहान खडा, काहींवर नुसता चिंचोका. टेबल भरलं की बराच वेळ त्याकडे बघत बसायचे, दोन-चार चिठ्ठ्या इकडच्या तिकडे सरकवायचे, आणि मग एका दमात अर्ज टाइप करायचे. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. खाडाखोड झाली तर तिन्ही वाया, म्हणून जे काय चुकायचं ते दगडांतच चुकून घ्यायचं.

माझं काम म्हणजे वारा सुटला किंवा बस गेली की चिठ्ठ्या धरायच्या आणि मामा चिठ्ठ्यांवर लिहितील त्याची मराठीत नक्कल करायची. आठ दिवस मी हे केलं आणि नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मामा, मी काय दगड राखायला आलेय का? परीक्षेत दगड विचारत न्हाईत. क्लॉज विचारतात." मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "दगड लहान-मोठे कामून, हे तू इचारलंसच न्हाई." हे खरं होतं. तोंड चालवण्याच्या नादात विचारायचं राहून गेलं होतं. पुढे शिक्षिका झाल्यावर मी मात्र पोरांची वाट बघत बसले नाही, मीच आधी सांगून टाकायची. मामांइतका धीर माझ्यात नाही.

त्याच दुपारी हुमनाबादकडचा एक शेतकरी आला. गडी रागाने लाल झाला होता. त्याचं म्हणणं सगळं एका श्वासात आलं: मागल्या उन्हाळ्यापास्नं, नाल्याच्या काठानं, शेजाऱ्यानं, जो आता पुढारी झालाय, गाडीवाट बंद केलीय, कारण म्या त्याला मत दिलं न्हाई. मामांनी पाच चिठ्ठ्या केल्या, त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "समज तू आत बसलेली साहेब हायेस. ह्यातली एकच चिठ्ठी तुझ्या टेबलावर आली. काय म्हणशील?"

मी पहिली वाचली. 'मागल्या उन्हाळ्यापासून.' मी म्हणाले, "मी म्हणेन, कोण? काय केलं?"

"चिंचोका," मामा म्हणाले. "पुढची."

'नाल्याच्या काठाने.' तिलाही तोच प्रश्न, तिलाही चिंचोका. 'जो आता पुढारी झाला आहे.' इथे मी अडखळले. इथे कोण आहे ते होतं, काय झालं तेही होतं, तरी चिठ्ठी हातात तरंगत होती. मी म्हणाले, "मी म्हणेन, बरं, मंग? त्याचं काय?" मामांनी तिच्यावर लहान खडा ठेवला. 'कारण मी त्याला मत दिलं नाही.' पुन्हा 'मंग?', पुन्हा खडा. शेवटी उरली 'शेजाऱ्याने गाडीवाट बंद केली.' ती वाचून मी काहीच म्हणाले नाही. साहेबाला त्यात विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. फार तर तो म्हणाला असता, बरं, समजलं. मामांनी तांबडा दगड उचलून माझ्या हातात दिला.

मी तो दगड हातात धरून बसले. चिंचोका म्हणजे फ्रेज. तिच्यात करणारा नाही आणि करणंही नाही. खडा म्हणजे क्लॉज, पण कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभा राहिलेला. आणि दगड म्हणजे स्वतःच्या पायावर उभा असलेला मुख्य क्लॉज. चिंचोके आणि खडे कुठल्या दगडाचे, एवढं शोधलं की वाक्य कितीही लांब असो, त्याची भीती राहत नाही. दोन वर्षं माझ्या छातीवर बसलेलं ते दोन शब्दांचं ओझं एका दुपारी उतरलं. मला हसू आलं. शेतकरी म्हणाला, "बाई, हसायलीस कामून? माझी वाट बंद हाय." मी माफी मागितली आणि त्याच्यासाठी पाणी आणलं. आमच्या नातीने परवा मला फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला, त्यात हेच रंगीत चौकोनांनी समजावलंय. चांगलं आहे. पण चौकोन हातात धरता येत नाही.

त्यानंतर मला वेडच लागलं. आत्या बोलली की मी मनात दगड मांडायची. "तू आली न्हाईस म्हणून भाकरी गार झाली," असं आत्या म्हणाली की मी म्हणायची, "खडा आणि दगड!" आणि आत्या उलथनं घेऊन उठायची. सरकारी पुस्तकातले धडे मी वाचून काढले, आणि पहिल्यांदाच पाठ केले नाहीत. पाठ करायची गरजच वाटेना. तेवढे दिवस माझे फार सुखाचे गेले. अप्पांची गोष्ट मनात तळाशी होती, पण तिच्यावर मी भलं मोठं वजन ठेवून दिलं होतं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असतील. भर दुपारी अप्पा लिंबाखाली येऊन उभे राहिले. खांद्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, हातात अंबाडीची जुडी. ते मैलूरला जाऊन आत्याला विचारून आले होते. मामांनी "जयभीम, पाव्हणं, बसा" म्हणून स्टूल पुढं केलं. अप्पा स्टुलावर बसले, माझ्याकडे बघून हसले, आणि फार मायेने म्हणाले, "वाळलीस गं. लई तरास घ्यायलीस का?"

मग ते मामांना म्हणाले, "दाजी, म्या हिला न्यायला आलोय. सोमवारपास्नं मस्टरावर नाव लावायचं म्हणतोय मुकादम. ही जागा गेली तर पुन्हा न्हाई. आन् म्या इचार केला. इंग्रजी हिच्या डोक्यात शिरत न्हाई, त्याला ही तरी काय करणार? बाकी समद्यात पास हाय की. तेवढं बास हाय आमाला." आणि मला म्हणाले, "तू काय वाईट वाटून घेऊ नकोस. म्या तुला कधी बोलणार न्हाई त्यावरनं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं. हे असं मायेने बोललेलं मला सहन होईना. एका बाजूला सोमवार, हातोडा, मायच्या शेजारची जागा. दुसऱ्या बाजूला अप्पांचं ते टॉवेलातलं पुस्तक. खरं सांगितलं तर मी सुटत होते आणि अप्पा अडकत होते. न सांगितलं तर उलट. मी मामांकडे बघितलं. मामा टाइपरायटरवरची धूळ पुसत होते.

मी सुरुवात केली. "अप्पा, जवा तुमी उदगीरला गेलता ना... तवा जर शाळेत मास्तर असते... आन् ते पुस्तक जे हाय... कारण बोर्ड जे असतंय ते..." माझं मलाच ऐकू येत होतं की मी नुसते खडे फेकायलेय. अप्पा गोंधळून म्हणाले, "मंग? काय झालं?"

मामांनी धूळ पुसायचं थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी दगड ठेव."

मी श्वास घेतला. "अप्पा, ते गाईड आपल्या राज्याचं नव्हतं."

 एक बस गेली, टेबलावरच्या चिठ्ठ्या फडफडल्या, आणि त्या धरायचं मला सुचलं नाही. मग उरलेलं सगळं आपोआप बाहेर आलं. पलीकडचे धडे वेगळे, इकडचे वेगळे, मी पाठ केलं ते सगळं पलीकडचं, म्हणून पेपर वाया गेला. "माझ्या डोक्यात शिरतंय, अप्पा. आता तर लई शिरतंय. मामाला इचारा."

"समदं पुस्तक पलीकडचं?" अप्पांनी विचारलं.

"समदं."

"त्या सात पोरी बी त्याच्यावरच?"

मी मान हलवली. अप्पांनी मामांकडे बघितलं. मामांनीही मान हलवली. मामांनी चहा मागवला. अप्पांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याला, पिठाचं गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं, त्यावर अंबाडीची जुडी ठेवली आणि उठले. "गाडीचा टाइम झाला," एवढंच म्हणाले. मला चल म्हणाले नाहीत आणि राहा असंही म्हणाले नाहीत. ते नौबादच्या बस थांब्याच्या वाटेला लागले आणि मी पाठमोऱ्या त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांची चाल मला म्हाताऱ्या माणसासारखी वाटली. मी रडायला लागले. मामा म्हणाले, "कामून रडायलीस? खरं बोललीस न्हवं?" मी म्हणाले, "खरं बोलले म्हणूनच रडायलेय."  मामांनी कोरा कागद लावला आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितलं.

सोमवार आला तेव्हा मी सुसल्याला हात लावला नाही. दर बसच्या भोंग्याला मला वाटे, अप्पा परत आले. दुपारी आमच्या गावचा एक माणूस कचेरीत कामाला आला आणि मायचा निरोप सांगून गेला: "तुझ्या मायनं सांगितलंय, रुक्मिणीच्या जागेवर दुसरी बाई लागली. अप्पानंच मुकादमाला न्हाई म्हणून सांगितलं. आन् अभ्यास कर म्हणलीय." मी त्या माणसाला दोनदा विचारलं, नक्की अप्पांनीच ना? तो म्हणाला, "व्हय गं बाई, किती बार सांगू?" त्या दिवशी आत्याने केलेल्या चार भाकरी मी एकटीने खाल्ल्या. आत्या म्हणाली, "आता पोटात बी शिरायलंय वाटतं." छातीवरून एक ओझं उतरलं होतं, पण अप्पा माझ्यावर रुसलेत हे दुसरं तसंच होतं. त्यांनी त्या दिवसाविषयी पुढे एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

परीक्षेविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही, आणि तीच तर गंमत. व्याकरणात लांब वाक्य आलं. शाळेला उशिरा पोचलेल्या एका मुलाची त्यात कसलीशी हकिगत होती. मी पेन्सिलीने त्यावर लहान-मोठे गोल काढत गेले. वरून विमान गेलं, मी मान वर केली नाही. घंटा होण्याआधी लिहून झालं होतं आणि तरी मी बसून राहिले, कारण पेपर द्यावासा वाटेना. ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं की निघवत नाही, तसं झालं. मी चांगल्या गुणांनी पास झाले. त्या सातांपैकी चौघी पास झाल्या. त्यांना मी परीक्षेआधी चार दिवस गावी जाऊन, चिठ्ठ्या आणि चिंचोके घेऊन गावातल्या विहारात बसवून शिकवलं होतं. बाकी तिघी परीक्षेला बसल्याच नव्हत्या. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत आणि त्यांच्यापुरतं माझं मन अजून मोकळं झालेलं नाही.

मग गुलबर्गा. आता कलबुर्गी म्हणतात, माझ्या जिभेला गुलबर्गाच येतं. ट्रेनिंगच्या प्रवेशाला अप्पा बरोबर आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल, हात घासून घासून तांबडे केलेले. तरी नखांच्या कडेला डांबर होतंच. बसमधून उतरल्यापासून हवेत डाळीच्या गिरण्यांची धूळ, तुरीचा कोरडा वास. कचेरीत खिडकीपुढं ही लांब रांग, आईबाप आणि मुली. कारकून एकेकीचा कागद बघून मोठ्या रजिस्टरात रकाने भरत होता आणि मोठ्याने विचारत होता, म्हणजे सगळ्या रांगेला ऐकू जावं. आमची पाळी आली. त्याने माझी गुणपत्रिका उलटी-सुलटी केली आणि कानडीत म्हणाला, "इंग्रजीत दुसऱ्या खेपेला पास. पहिल्या खेपेला काय झालं?" रांगेतली एक आई वाकून बघायला लागली. माझे कान तापले. मी तोंड उघडलं, आणि तोंडात नुसते खडे होते.

अप्पा पुढं झाले. ग्यांगवर निम्मे लोक कानडी, त्यामुळे त्यांची कानडी स्वच्छ होती, पण एखाद्या साहेबाशी मान वर करून बोलताना मी त्यांना तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, पहिल्या खेपेला नापास झाला तो मी. पुस्तक मी आणलं आणि चुकीचं आणलं. ही आत्ता पहिल्यांदाच बसली, आणि पास झाली."

कारकून म्हणाला, "तुम्ही कितवी शिकलात?"

"शाळेत गेलो न्हाई साहेब. म्हणून तर गेलो ना इंग्रजीत."

रांग हसली. कारकूनही हसला. अप्पा हसले नाहीत, ते माझ्याकडे वळून बघत होते, आणि ते रुसलेले नव्हते. इतके दिवस हे वाक्य ते मनात जुळवत होते, हे मला तेव्हा कळलं. मला इतकं हलकं वाटलं की मी खिडकीची कड घट्ट धरली. कारकुनाने लेखणी उचलली, अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कितव्या खेपेला पास हा रकाना तसाच कोरा ठेवून खाली सही केली.